अक्रोडाच्या टरफलांचं पाणी

परिषदेच्या पुस्तकातलं 'यंदाचे संशोधन-प्रवाह' हे पहिलं प्रकरण दरवर्षी ताईंच्याच गळ्यात पडे, आणि दरवर्षी त्यांना त्याचा तेवढाच कंटाळा येई. वेबवरचा अफाट मजकूर यंत्राला वाचायला शिकवायचा आणि त्यातून शहाणपण काढायचं, हा त्यांचा विषय. त्यात उभा जन्म गेला. नवी विटी, नवं राज्य चालू असे, दांडू मात्र तोच. एके वर्षी सगळं दूरच्या मोठ्या संगणकांवर नेऊन ठेवायची धावपळ, पुढे तेच उचलून खिशातल्या फोनमध्ये आणायची धावपळ. यंदा क्वांटम संगणकांची हवा होती.

"ताई, क्वांटमला चार पानं द्या हं," विभागप्रमुख दारातूनच म्हणाले.

"आपल्याकडे क्वांटमचं करतंय कोण?"

"कोणी नाही. पण शेजारच्या संस्थेने सहा दिलीत."

आता यावर माणसाने बोलावं तरी काय? ताईंनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि पुन्हा टाईप करायला घेतलं. तेवढ्यात फोन वाजला. परदेशात नोकरी करणारी भाची, दादांची एकुलती एक मुलगी.

"आत्या, बाबांनी रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्यात गं."

"काय? कशासाठी?"

"अक्रोडाची टरफलं उकळून त्याचं पाणी पितायत. फोनमधलं ते उत्तरं देणारं यंत्र आहे ना, त्याने सांगितलं म्हणे. अक्रोडाच्या टरफलांचं पाणी पिणाऱ्याला रक्तदाबाची गोळी लागत नाही. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर कधीही झटका येईल. माझं तर ऐकतच नाहीत. तू तरी सांग."

झटक्याच्या नावाने ताई घाबरल्याच, पण त्या वाक्याने जास्त घाबरल्या. ते त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं.

त्याचं असं आहे. यंत्र एखादं पान खरोखर वाचतं की नुसतं वाचल्याचं सोंग करतं, हे तपासायला या लोकांची एक युक्ती असते. जगात कुणी कधीच लिहिलं नसेल असं धादांत खोटं वाक्य रचायचं आणि वेबवर कुठल्या तरी कोपऱ्यातल्या पानावर ठेवून द्यायचं. पुढे यंत्राने ते बोलून दाखवलं की समजायचं, पठ्ठ्याने वाचलं. ऐन उमेदीच्या काळात ताई आणि त्यांचा सहकारी टकलू यांनी अशी वाक्यं ढिगाने रचली होती. (तेव्हा टकलूला भरघोस केस होते, हे नाव मागाहून पडलं.) त्या दुपारी टकलू अक्रोड फोडून खात बसला होता, म्हणून वाक्यात अक्रोड आले. दोघांची हसून हसून मुरकुंडी वळली होती. प्रयोग झाला, निबंध छापून आला, पाठी थोपटल्या गेल्या. पान काढून टाकायचं मात्र राहूनच गेलं. ताईंना वाटलं टकलू काढेल, टकलूला वाटलं ताई काढतील.

पुढे पानंच्या पानं लिहिणारी यंत्रं आली. त्यातल्या एकाने ते वाक्य उचललं, दुसऱ्याने त्याच्यावरून उतरवलं, तिसऱ्याने त्याला औषधी गुणधर्म चिकटवले. आणि दादांच्या फोनमधलं यंत्र, जी गोष्ट जास्त पानं सांगतील तिला जास्त खरं मानत होतं. हा नियम तरी कुणाचा? ताईंचाच, त्याच निबंधातला. घ्या आता!

त्यांनी तडक दादांना फोन लावला.

"दादा, आधी ते पाणी बंद कर. ते वाक्य खोटं आहे. मी आणि टकलूने थट्टेत रचलंय ते."

"हो का? कुठे काही चांगलं झालं की ते तूच केलेलं असतंस, बारके. माझ्या लिंबाला फळ धरलं तेव्हाही म्हणालीस, पाणी मी घातलं होतं."

"दादा, चेष्टा नाही ही. जीव जाईल तुझा!"

"चाळीस ठिकाणी लिहिलंय. चाळीस जण एकीकडे, तू एकटी एकीकडे. तूच सांग, तुझ्या शास्त्रात कुणाचं खरं मानतात?"

दादांनी फोन ठेवला.

मग त्या आणि टकलू मागच्या खोलीत गेले. धूळ खात पडलेल्या जुन्या सर्व्हरवर ते पान अजून सुखाने नांदत होतं. टकलूने ते पुसून टाकलं. "मूळ उपटलं, पण फांद्यांचं काय?" तो म्हणाला. फांद्यांसाठी ताईंनी संस्थेच्या संकेतस्थळावर खुलासा लिहिला. मथळ्यात ते वाक्य जसंच्या तसं दिलं, म्हणजे शोधणाऱ्याला सापडावं, आणि खाली सविस्तर लिहिलं की हे साफ खोटं आहे, आम्हीच चाचणीसाठी रचलं होतं, कृपा करून गोळ्या बंद करू नका. त्या दिवशी त्यांना जरा शांत झोप लागली.

आठवडाही उलटला नसेल, तोच दादांचा फोन.

"हरलीस, बारके! एकेचाळीस झाली! आणि सगळ्यात वर कोण, माहितीये? तुझीच संस्था!"

ताईंनी घाईघाईने आपल्या फोनवर तोच प्रश्न विचारला. यंत्राने अदबीने तेच वाक्य सांगितलं आणि आधार म्हणून पहिलं पान दाखवलं ते त्यांच्या खुलाशाचं. मथळा त्याने वाचला होता. संस्था नावाजलेली, म्हणून साक्षही सगळ्यात वजनदार धरली होती. खालचं 'साफ खोटं' त्याने सपशेल उडवून लावलं होतं.

"अहो ताई, यावर निबंध होईल!" टकलू खुर्चीतून उठलाच. "खुलासाच पुरावा ठरतो! हाच नवा प्रवाह!"

"आग लागो तुझ्या निबंधाला," ताई म्हणाल्या. प्रवाहांचं प्रकरण अर्धवट टाकून त्यांनी पर्स उचलली.

बसमध्ये उभ्यानेच जावं लागलं. दादांचा जिना चढताना गुडघे बोलायला लागले. इतका थकवा त्यांना कामाने कधी आला नव्हता. आपण जगाला शहाणं करायला निघालो आणि घरात हे वाढून ठेवलं, असं सारखं मनात येत होतं.

दादांनी दार उघडलं. चेहरा लालबुंद, एक डोळा रक्ताळलेला, सदरा अंगावर लोंबत होता. गॅसवरच्या पातेल्यात काळंकुट्ट पाणी रटरटत होतं. ताईंनी आधी गॅस बंद केला आणि मग त्यांचा बांध फुटला.

"लाज वाटत नाही तुला? एवढा शिकलेला माणूस तू! खरं सांग, या असल्या पाण्याने बरं होतं, असं तुला मनापासून वाटतं?"

दादा खुर्चीवर बसले.

"नाही वाटत," ते म्हणाले.

"मग?"

"तुझी वहिनी गेल्यापासून या घरात बोलायला आहे कोण, सांग. ते यंत्र निदान विचारतं तरी, आज कसं वाटतंय म्हणून. म्हटलं, त्याचंही एखादं ऐकावं. तुला फोन करावा तर तू मीटिंगमध्ये. लेकीला करावा तर तिकडे रात्र. गोळ्या बंद केल्या नि बघ. लेकीचा रोज फोन येतो. तुझा आला. आज तर तू सगळं टाकून आलीस."

ताईंना संताप आला. दादांचा आला, आणि त्याहून स्वतःचा आला. त्यांनी फडताळातून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी दादांच्या तळहातावर ठेवली, पाण्याचा पेला पुढे केला. दादांनी मुकाट्याने गोळी गिळली.

"आणि उद्या?" ताईंनी विचारलं.

"उद्याचं उद्या."

"म्हणजे काय, दादा?"

दादांनी मान वर केली नाही. "तू आलीस तर घेईन," ते हळूच म्हणाले. त्यात धमकी नव्हती, हट्टही नव्हता. उलट थोडे लाजल्यासारखेच वाटत होते.

ताईंच्या डोळ्यांपुढे ती बस आली, तो जिना आला.

"येते," त्या म्हणाल्या.

"किती वाजता?" दादांनी लगेच विचारलं.