बिहोगोचं दावं

चर्चच्या मंडळीने मला गाय दिली तेव्हा अट एकच होती. जी पहिली कालवड होईल ती मंडळी सांगेल त्या घरी द्यायची, दाव्यासकट. गाय देवाची, मी नुसती राखणदार. मी मान हलवली आणि गाय घरी आणली. मान हलवायला काय जातं?

आधी गोऱ्हा झाला. मग पुन्हा गोऱ्हाच. दोन्ही वेळा मी गुडघे टेकून आभार मानले, आणि ही बाई कशाबद्दल आभार मानतेय ते देवाला कळत असणारच. शेणखतावर माझी केळीची बाग अशी फोफावली की रस्त्यावरून घर दिसेना. तसंही ते बघायला कोण येत होतं? नवरा जाऊन किती तरी वर्षं झाली. थोरला म्वांझाला, धाकटा दार-एस-सलामला. फोन करतात. "आई, काही हवंय का?" मी "नाही रे" म्हटलं की सुटल्यासारखा श्वास सोडतात, तो मला इथवर ऐकू येतो. माझ्याकडे मात्र ते काही मागत नाहीत. आधी केळी न्यायचे, भाजलेले कॉफीचे दाणे न्यायचे. आता म्हणतात, "कशाला दगदग करतेस, इथे सगळं मिळतं."

मग बिहोगो जन्मली. तांबडी, कानाशी पांढरा ठिपका. मी तिला नाव ठेवलं, हीच चूक झाली. द्यायच्या जनावराला नाव ठेवू नये हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

ती घरातच वाढली. आमच्या रीतीप्रमाणे मी घरात जमिनीवर ताजं गवत अंथरायचं आणि तिने ते खायचं. मी शिव्या घालायची, ती कान हलवायची. किती दिवसांनी घरात शिव्या घालायला कुणीतरी होतं!

तिचं दूध सुटलं तसा मंडळीतला वडीलधारा इशेंगोमा आला. मी पुढे केलेले कॉफीचे दाणे चघळत म्हणाला, "कोकुबेर्वा, ठरलं बघ. टेकडीपलीकडच्या अडवेराला द्यायची. नवरा सरोवरात बुडाला तिचा. पदरात लहान पोरं, शेणखताविना बागेतली केळी पिवळी पडलीय."

मी बिहोगोला जवळ ओढलं. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि बाकीचे दाणे खिशात टाकून निघून गेला. दोन दिवसांनी पाळक मुतालेम्वा स्वतः आले.

"आजी, आम्ही विचार केला. बिहोगो राहू दे तुमच्याकडेच. अडवेराचं पुढे बघू काहीतरी."

"का?"

"तुमचं वय झालं. एकट्या असता. तेवढीच सोबत."

खरं तर मी नाचायला हवं होतं. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "पाळकसाहेब, म्हातारीला सोडून द्या, असं देवाने सांगितलं का तुम्हाला?"

ते हसले. "देव दयाळू आहे, आजी."

"दया माझी पोरं करतात. फोनवरून."

ते गेल्यावर मी बिहोगोजवळ बसून रडले. माझ्याकडून काही हवं असणारा जगात एक देवच उरला होता, आणि त्यालाही या लोकांनी गप्प बसवलं होतं.

रविवारी मी बिहोगोला घेऊन देवळात गेले. उपासना संपल्यावर बाहेर झाडाखाली सगळे जमले, पाळकांनी प्रार्थना केली. अडवेरा समोर उभी होती, पाठीला तान्हं बांधलेलं. आणि तिथे माझ्या हातांनी घोटाळा केला. आमची जुनी रीत अशी की गाय दिली तरी दावं देणाऱ्याने घरी न्यायचं, नाहीतर दाव्याबरोबर घरची बरकत जाते. माझ्या बापाने जन्मभर तेच केलं. मीही दावं सोडलं, कमरेला खोचलं आणि घरची वाट धरली. मागे हशा उठला म्हणून वळून पाहिलं, तर बिहोगो माझ्या मागे.

"काय गं," इशेंगोमा ओरडला, "गाय देतेस की फिरवून आणतेस?"

अडवेरा हळूच म्हणाली, "राहू दे आजी. तिला तुमच्याकडेच यायचंय."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी घराकडे एक पाऊल टाकलं असतं तरी कुणी नावं ठेवली नसती. उलट हीच देवाची इच्छा म्हणाले असते. मला टाकायचं होतं ते पाऊल, खोटं कशाला बोलू? मी मनात देवाशी भांडले. गाय तुझी, कबूल. पण दावं मी वळलंय, माझ्या केळीच्या सोपटाचं. ते तरी माझं ना? मग आठवलं, केळी कशावर वाढली ते. त्याच्याच गायीच्या शेणावर.

मी कमरेचं दावं काढलं, बिहोगोच्या गळ्यात बांधलं आणि दुसरं टोक अडवेराच्या मुठीत दिलं.

"घट्ट धर. आणि ऐक, अंथरलेलं गवत खाते ही. खाल्लं की ओरडायचं तिच्यावर. नाही ओरडलं तर तिला करमत नाही."

"ओरडेन, आजी," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. माझेही भरले असते, पण इशेंगोमा बघत होता.

घरी आले तर गाय लेकरासाठी हंबरत होती. तिच्या पाठीवर हात ठेवून मी म्हटलं, "हंबर बाई, हंबर. मी ऐकतेय." संध्याकाळी सवयीने घरात ताजं गवत अंथरलं.

सकाळी ते तसंच होतं. एक काडी हललेली नव्हती.

त्याच्यावरच गुडघे टेकले. म्हटलं, "दिली बाबा तुझी गाय, दाव्यासकट. आता आणखी काही हवं असेल तर माग. मी घरीच असते."