पडद्यावरचे काळे वावर

व्हिडिओ गेमच्या धंद्याची माती 'सेव्ह'ने केली, असे वलीभाईंचे ठाम मत होते.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या पुलावरून उतरून आत वळले की एका गल्लीत त्यांचे पार्लर होते. शटरवर लाल रंगात 'व्हिडिओ गेम' एवढेच लिहिलेले. आत तीन टीव्ही, दोन कॅसेटच्या मशिनी, एक सीडीवर चालणारी जपानी मशीन आणि कोपऱ्यात एक कॉम्प्युटर. कॅसेटच्या मशिनीत माणूस खड्ड्यात पडला की खेळ पहिल्यापासून. खेळणारा चिडायचा आणि पुन्हा खिशात हात घालायचा. सीडीवाली मशीन आली तसा खेळ जिथे सोडला तिथून दुसऱ्या दिवशी पुढे नेता येऊ लागला.

"मरनच नाही राहिलं त पोट्टे पैसे कायचे देतीन?" वलीभाई म्हणायचे.

"पैसे देऊन मरतेत हे, राजा," बाकावरून सूर्यभानजी म्हणाले. "आमच्याइकडं फुकट हाय."

वलीभाई यावर हसले नाहीत. त्यांनी चहा सांगितला.

सूर्यभानजी बाळापूरकडचे शेतकरी. त्या हिवाळ्यात कापूस खरेदी केंद्रावर बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आली होती आणि ती जागची हलत नव्हती. गाडीपाशी भाऊ बसवून सूर्यभानजी दुपारी पार्लरमध्ये येत. खेळत नसत, नुसते पाहत. पडद्यावरचा मिशीवाला माणूस धावायचा, उडी मारायचा, काळ्या खड्ड्यात पडायचा. तेच चार सूर पुन्हा पुन्हा वाजायचे. भारनियमनातून उरलेल्या विजेत ती खोली निळसर उजेडाने भरून जायची आणि आत बसलेल्याला बाहेर कोणता महिना चालू आहे याचा विसर पडायचा.

वलीभाईंची मुलगी लुबना अमरावतीला खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहून कॉम्प्युटरवर चित्रे करायला शिकत होती. पुण्यातल्या एका कंपनीने तिच्याकडून कामाचा नमुना मागवला होता. कंपनी परदेशी गेमसाठी झाडे, भिंती, रस्ते बनवून द्यायची. नमुना पसंत पडला तर नोकरी. नाही तर अमरावतीत लग्नाच्या अल्बममधले नवरानवरी कापून ताजमहालापुढे चिकटवायचे. तिच्या मैत्रिणी तेच करत होत्या.

"म्हणजे झाड एकानं करायचं, भीत दुसऱ्यानं, अन् मानूस तिसऱ्याच मुलुखात?" वलीभाईंनी विचारले होते.

"हो अब्बू."

"मंग गेम कोन केला म्हनायचं?"

"सगळ्यांनी."

"सगळ्यांनी म्हंजे कोनीच नाही. अन् सेव्ह याच लोकायनं काढलं ना? त्यायच्याकडं चालली तू."

नमुन्याचा विषय कंपनीने दिला होता: शेत. त्यात एक माणूस चालवून पाहता आला पाहिजे. लुबनाने बाळापूरचे वावर केले. तिच्या आईच्या माहेरचे. ते आता कुणाच्याच नावावर वावर म्हणून नव्हते, तिथे प्लॉट पडले होते. लहानपणी ती तिथे गेली होती ती दसऱ्याच्या सुमारास, रात्री पाऊस पडून गेल्यावर. तसेच तिने केले. निंबाचे झाड, विहिरीचे थारोळे, गवत वाढलेला धुरा, म्हणजे वावराचा बांध, आणि धुऱ्यापलीकडे ओली काळी जमीन, तिच्यावर नुकता फुटू लागलेला कापूस. सकाळचा उजेड तिरपा. लांब उभे राहून पाहिले तर काळोखावर कुणीतरी पांढरे थेंब शिंपडल्यासारखे दिसे.

नमुना पाठवून लुबना अकोल्याला घरी आली होती, तेव्हा गुरुवारी सकाळी पुण्याहून धर्मपालचा फोन आला. धर्मपाल अमरावतीच्याच क्लासमधून तिच्याआधी शिकून गेलेला, आता कंपनीत नमुने तपासायचा.

"लुबनाताई, काम चांगलं हाय. पण जमीन लई काळी झाली."

"ती काळीच असते. तुमाले माहीत नाही का?"

"मले माहीत हाय. माझं गाव दर्यापूर. पण खेळणाऱ्याले वाटते खड्डा हाय. आमच्या इथल्या एकानंही धुऱ्याखाली पाय नाही ठेवला. मी पण नाही ठेवला, खोटं काहून बोलू? तपकिरी कर ना जराशी. सोमवारी पाठव. त्याच्यानंतर नाही घेणार हे लोक."

तिला ते पटले नाही. पुण्यात बसून पुण्यासारखे दिसत असेल, असे तिच्या मनात आले. तिने पार्लरच्या कॉम्प्युटरवर नमुना लावला आणि दुपारी आलेल्यांच्या हातात एकेक करून जॉयस्टिक दिली.

उसामा हा गल्लीतल्या वेल्डिंगच्या दुकानातला, पार्लरमधला सगळ्यात तरबेज. त्याने माणूस निंबाखालून आणला, विहिरीला फेरी मारली, धुऱ्यावर आणला आणि थांबवला.

"पूल कहाँ है?"

"कसला पूल?"

"उस पार जाने का. इधर तो गिरेगा ना ये."

दुसऱ्याने धुऱ्यावरून लांब उडी मारून पाहायचा प्रयत्न केला. तिसरा धुऱ्याधुऱ्याने पूर्ण वावराला वळसा घालून पुन्हा निंबाखाली आला आणि म्हणाला, "गेम छोटा है, आपा." हे सगळे काळ्या जमिनीच्या मुलखात जन्मलेले. यांच्या चपलांना त्याच मातीची धूळ लागलेली.

शेवटी तिने जॉयस्टिक सूर्यभानजींपुढे धरली. त्यांनी आधी धोतराला हात पुसले. माणूस भिंतीला धडकत, मागे फिरत, कसाबसा धुऱ्यावर आला. तिथे सूर्यभानजींचा अंगठा उचलला गेला.

"चला ना काका."

"नाही बाप्पा. मरते थो."

"काका, तुमचं वावर असंच आहे ना?"

"हाय ना. हुबेहूब हाय. कापसाची पऱ्हाटी बी बरोबर हाय." त्यांनी जॉयस्टिक जपून खाली ठेवली. "पन हा गेम हाय, माय. गेममधी काळं म्हंजे मेला. इतके दिवस बसून एवढं त शिकलो मी."

सगळे हसले. वलीभाई सगळ्यात मोठ्याने. लुबनाही हसली, आणि मग कॉम्प्युटर बंद करून मागच्या दाराने घरात गेली. त्या रात्री झोपेत तिने स्वतःला धुऱ्यावर उभे पाहिले. पलीकडे कापूस होता. तिने पाय उचलला आणि तिच्याच्याने खाली ठेववेना.

जागी झाली तेव्हा तिने ठरवले होते: तपकिरी करायचे. पुण्यातले चुकले नव्हते, अकोल्यातलेही नाही. चालता न येणारे शेत कंपनी कशाला घेईल?

तो दिवस शुक्रवार, जुम्म्याचा. जुम्म्याला दुपारी वलीभाई शटर कमरेएवढे खाली ओढून मशिदीत जात आणि गल्लीतले सगळे पुरुष त्यांच्या मागेपुढे. लुबना सोडली तर एरवी पार्लरमध्ये बायकांनी पाऊल टाकायचे नाही, असे कुणी सांगितलेले नव्हते, पण कुणी टाकतही नव्हते. रईसा, लुबनाची आई, डबासुद्धा मागच्या दारातून हात घालून ठेवायची. जुम्म्याच्या नमाजापुरती मात्र खोली तिची. ती झाडायला यायची, पडदे पुसायची. मधल्या टीव्हीच्या खाली एक झाकण होते आणि त्यात उजेड कमीजास्त करायची चाके. पोरे ती फिरवून ठेवतात म्हणून वलीभाईंनी झाकणावर चिकटपट्टी मारली होती. रईसा ती पट्टीही पुसायची.

लुबना कोपऱ्यात कॉम्प्युटरपुढे बसली होती. पडद्यावर वावर होते. रंग बदलायला घेण्याआधी ती नुसतीच पाहत होती.

रईसाचा झाडू थांबला.

"ये तो बाळापूर है."

"हाव अम्मी."

"निंब डाव्या हाताले होता."

"डावीकडेच आहे ना."

"विहिरीकून आलं त डावीकडे. तू रस्त्याकून आली." तिने ओढणीला हात पुसले आणि सूर्यभानजींच्या बाकावर बसली. "बता, कैसे चलाते इसको?"

लुबनाने तिच्या हाती जॉयस्टिक दिली, डावा अंगठा पुढे करायला सांगितले. लाउडस्पीकरवरून मशिदीतल्या खुतब्याच्या प्रवचनाचा आवाज येत होता. गल्लीत पायांचा आवाज नव्हता. शटरखालून उन्हाची एक आडवी पट्टी आत आली होती आणि झाडलेली धूळ तिच्यात तरंगत होती. पडद्यावरचा माणूस विहिरीकडे गेला. रईसाने त्याला तिथे बराच वेळ उभे केले. मग तो निंबाखालून धुऱ्यावर आला, आणि धुरा उतरून थेट काळ्यात गेला.

लुबना पडद्याकडे वाकली. काही झाले नाही. माणूस कापसात उभा होता.

"अम्मी, तुला भीती नाही वाटली?"

"कायकी?"

"सगळे थांबतात तिथे. त्यांना खड्डा वाटतो."

"पागल है क्या सगळे? माटी है." रईसाने अंगठा पुढे दाबून ठेवला. माणूस कापसाच्या दोन ओळींमधल्या तासातून सरळ चालत होता, दोन्ही बाजूंनी बोंडे मागे सरकत होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "पन ये चलता कैसा है? बर्फावरून चालल्यासारखा. पाऊस पडून गेला ना इथे?"

"हाव."

"मंग माटीनं याले धरलं काहून नाही?"

तेवढ्यात लाइट गेली. कॉम्प्युटरचा जुना यूपीएस केव्हाच निकामी झालेला होता. पडदा काळा झाला. आता धुरा नाही, निंब नाही, फक्त काळे.

रईसाने जॉयस्टिक सोडली नाही. अंगठा होता तिथेच होता.

"चपला काढून हातात घेत होतो आम्ही," ती म्हणाली. "पैलं पाऊल ठेवलं की माटी चिपकते. दुसऱ्या पावलाले त्याच्यावर आणखी. तासाच्या शेवटाले जाते तवरीक पाय इतना मोठा. उंच झाल्यासारखं वाटे मले. तुझी नानी ओरडे, वाकून चाल, पडशील. मंग धुऱ्यावर बसून काडीनं खरवडायचं. काढली माटी का पाय एकदम हलका, उडून जाते का काय." तिने काळ्या पडद्याकडे पाहिले. "कुठी गेलो मी?"

"कापसात आहेस अजून."

"हां. चलू दे."

दोघी त्या बंद पडद्यापुढे बसून राहिल्या. लुबनाला दिसत होते: आई तिच्याहून लहान, हातात चपला, मातीचे जाड तळवे घेऊन डुलत चाललेली, मागे पावलांची भोके, त्यात साचलेले पाणी, पाण्यात आभाळ. शटर वर गेले तेव्हा नमाज कधी संपली ते कळले नव्हते. वलीभाई वाकून आत आले.

"अंधारात काय करून राहिल्या?"

"बाळापूरले गेलो होतो," रईसा म्हणाली आणि झाडू उचलून मागच्या दाराने निघून गेली.

लुबनाने रंगाला हात लावला नाही. शनिवार आणि रविवार, लाइट येईल तेव्हा, तिने फक्त पाय केले. माणूस काळ्यात उतरला की पहिल्या पावलाला माती चिकटायची, पुढच्याला आणखी. पाय जाड होत जायचे, चाल मंदावायची, पाऊल उचलताना माती ओढून धरायची. मागे भोके राहायची आणि ती पाण्याने भरायची. धुऱ्यावर येऊन थांबले की पाय हलके व्हायचे.

रविवारी दुपारी तिने उसामाच्या हातात जॉयस्टिक दिली आणि त्याच्याआधी स्वतः एकदा उतरून दाखवले. उसामा पडद्याच्या जवळ सरकला.

"अरे, ये तो कीचड है." तो उतरला. कापसाच्या ओळीच्या निम्म्यापर्यंत जाऊन आला. "भारी है, आपा. थकाता है."

सूर्यभानजी बाकावर नव्हते. रांग पुढे सरकली होती.

संध्याकाळी तिने सीडी पुण्याच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हाती दिली. सोबत एक ओळ: पाहणाऱ्याने धुऱ्यावरून एक पाऊल तरी टाकावे.

धर्मपालचा फोन यायला आठवडा लागला.

"ताई, नोकरी पक्की. पाय पाहून बाहेरचे साहेब खूश झाले. ते पाय ते घेऊन राहिले, मोठ्या गेमात."

"अन् जमीन?"

"जमीन तपकिरी होईन. मी बोललो त्यायच्याशी. खरंच बोललो. पण त्यायच्या गेममधलं गाव दुसरीकडचं हाय. तिथं कापूस नाही, मक्क्याचं पीक हाय."

लुबना पुण्याला गेली.

तो मोठा गेम वलीभाईंच्या पार्लरमध्ये आला तो दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर, कुठून कुठून कॉपी होत आलेल्या सीडीवर. जपानी मशीन मधल्या टीव्हीला जोडलेली होती. पोरे दोन दिवस खेळली आणि तिसऱ्या दिवशी तक्रार घेऊन आली.

"चाचा, मशीन हँग हून राहिली. हा मक्क्यात गेला का पुढंच नाही जात."

वलीभाईंनी मशीन उघडली, धूळ फुंकली, भिंगावरून स्पिरिटचा बोळा फिरवला. पुन्हा लावली. माणूस मक्क्यात गेला आणि पुन्हा रेंगाळू लागला. तेव्हा त्यांनी चष्मा वर करून त्याच्या पायांकडे पाहिले. बराच वेळ पाहिले.

"मशीन बराबर हाय," ते म्हणाले. "हळू चाला."

त्या जुम्म्याला नमाजाला जाताना त्यांनी मशीन बंद केली नाही. पहिल्यांदाच त्यांनी खेळ सेव्ह करून ठेवला, माणूस मक्क्याच्या कडेला उभा असताना. शटर कमरेपर्यंत ओढले आणि गेले.

रईसा झाडू घेऊन आली. पडद्यावर तपकिरी जमीन होती, कुठल्या तरी गावची, लाल छपरांची घरे मागे. तिने जॉयस्टिक उचलली आणि माणसाला दोन पावले टाकायला लावली. माती चिकटली. आणखी दोन. पाय जाड झाले.

मग ती बाकावरून उठली, टीव्हीपुढे बसली आणि झाकणावरची चिकटपट्टी नखाने सोलून काढली. आतले चाक तिने हळूहळू फिरवले. लाल छपरे विझली. आभाळ संध्याकाळचे झाले. जमीन आधी गडद झाली, मग ओली दिसू लागली, मग काळी झाली. मक्क्याचे तुरे तेवढे वर पांढुरके राहिले, लांबून पाहिले तर कापसासारखे.

रईसाने चाक तिथे थांबवले, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि अंगठा पुढे दाबला.