मुंगीने पकडलेली चूक

राणीला डॉक्टरकीला प्रवेश मिळाला आणि खालच्या मजल्यावर मुंगीच्या पोटात दुखायला लागलं. खरोखरीचं दुखणं असतं तर बरं झालं असतं, आत्याने एखादी गोळी दिली असती. हे दुखणं निराळं होतं. जिन्यावरून हसण्याचा आवाज आला की ते वाढायचं.

दोघी चुलत बहिणी. काकांचं घर वर, मुंगीचं त्याच्या बरोबर खाली. लहानपणी एवढीशी होती म्हणून सगळे तिला मुंगी म्हणू लागले. राणीला राणी का म्हणायचं, हे मात्र कुणी कधी विचारलंच नाही. मुंगीच्या मते सगळी गडबड तिथेच झाली होती.

परीक्षा दोघींनी एकत्रच दिली. मुंगीचे गुण कमी पडले आणि तिला फार्मसीच्या पदवीला जागा मिळाली. शुक्रवारपर्यंत प्रवेश घ्यायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार. बाबांनी दोन्ही वाटा तिच्यापुढे ठेवल्या: ही पदवी घे, किंवा वर्षभर घरी बसून पुन्हा डॉक्टरकीची परीक्षा दे. चार वर्षं फार्मसी शिकून पुढे हातात काय पडतं, हे त्यांनाही नीटसं ठाऊक नव्हतं.

जखमेवर मीठ चोळायला काकू होत्याच. चॉकलेटचा डबा पुढे करत त्या म्हणाल्या, "छान झालं की. एक चिठ्ठी लिहील, दुसरी औषध काढून देईल. घरचं घरात."

मुंगीने चॉकलेट घेतलं आणि खाल्लंही. त्याच क्षणी तिने ठरवलं, एक वर्ष गेलं तरी चालेल, पण आयुष्यभर राणीच्या चिठ्ठ्या वाचायच्या नाहीत.

आत्या एका मोठ्या रुग्णालयाच्या औषधखान्यात फार्मासिस्ट होती. भाचीचा चेहरा बघून ती एवढंच म्हणाली, की वर्ष घालवायचं तर खुशाल घालव, पण आधी एक दिवस माझ्याबरोबर येऊन बस. वरिष्ठांना विचारून बुधवारी तिने मुंगीला खिडकीमागच्या स्टुलावर बसवलं. अट एकच, कशाला हात लावायचा नाही.

औषधखाना म्हणजे लांबट खोली, छतापर्यंत फळ्या, कोपऱ्यात घुमणारा फ्रीज. दिसायला सारखी दोन खोकी शेजारी ठेवायची नाहीत, असा तिथला दंडक होता. एकीने औषध काढायचं, दुसरीने चिठ्ठीशी ताडून बघायचं, मगच ते खिडकीबाहेर जायचं. लहान मुलाच्या चिठ्ठीवर वजन लिहिलेलं नसेल, तर आत्या मुलाला आधी काट्यावर उभं करायची.

रांग ओसरली तशी मुंगीने पगाराचं विचारलं. आत्याने आडपडदा ठेवला नाही. दुकानात सुरुवातीला सगळ्यात कमी. रुग्णालयात बेताचा, पण महिन्याच्या महिन्याला ठरलेला. औषधं बनवणाऱ्या कंपनीत बरा, मात्र पाळ्या कराव्या लागतात. पुढे शिकलं, संशोधनाकडे वळलं तर आणखी बरा. "पहिली काही वर्षं हात आखडताच राहतो," आत्या म्हणाली. "उपाशी कुणी मेलेलं मी पाहिलं नाही, आणि बंगला बांधलेलाही फारसा कुणी पाहिला नाही."

"आणि राणीला?"

"राणीला तुझ्यापेक्षा जास्तच मिळेल," आत्या म्हणाली आणि पुढची चिठ्ठी हातात घेतली.

मुंगीच्या मनात वर्षभर घरी बसण्याचा बेत पुन्हा पक्का झाला. तेवढ्यात खिडकीशी एक आई आली. कडेवर किरकिरणारं बाळ. चिठ्ठीवर वजन होतं, औषध नेहमीचंच होतं. भिंतीवर वजनाप्रमाणे किती औषध द्यायचं याचा तक्ता लावलेला होता. बसल्या बसल्या मुंगीने बोटाने ओळ पकडली, आकडा बघितला, पुन्हा बघितला. चिठ्ठीत जवळजवळ दुप्पट लिहिलं होतं.

"आत्या," ती कुजबुजली, "डॉक्टर चुकले."

आत्यानेही तक्त्याकडे बघितलं, बाळाच्या आईला दोन मिनिटं बसायला सांगितलं आणि फोन उचलला.

मुंगीच्या अंगात वीज संचारली. असंही असतं होय? डॉक्टरने लिहायचं आणि आपण अडवायचं. राणी लिहील आणि आपण फोन करू, "डॉक्टरीणबाई, जरा पुन्हा बघता का?" हे काम करायला तर ती फुकटही तयार झाली असती. आत्याचा फोन लागायच्या आधीच तिने खिशातला मोबाईल काढून राणीला लिहिलं, 'तुमच्या एका डॉक्टरांनी बाळाला दुप्पट औषध लिहिलं. आम्ही पकडलं.' आणि पाठवूनही दिलं.

इकडे आत्या शांतपणे विचारत होती, पलीकडचं ऐकत होती, मान हलवत होती. मग "बरं, धन्यवाद," म्हणून तिने फोन ठेवला. चिठ्ठीच्या कडेला लिहिलं, 'विचारले, बरोबर आहे', आणि खाली सही केली. बाळाचा कान आतून सुजला होता, आणि त्या दुखण्याला हे औषध मुद्दाम जास्तच देतात. कानाचा उल्लेख मात्र चिठ्ठीवर नव्हता.

"म्हणजे तुला माहीत होतं?" मुंगीने विचारलं.

"कान असेल असं वाटलं होतं. नुसतं वाटून औषध देत नाहीत."

"डॉक्टर ओरडले?"

"कुरकुरले थोडे. अगं, मी फोन करते तेव्हा बहुतेक वेळा डॉक्टरच बरोबर निघतात. तरी करायचा. दर वेळी आपणच बरोबर ठरावं अशी हौस असेल, तर माणूस लाजेने फोन करायचं सोडतो. आणि मग एक दिवस खरी चूक खिडकीबाहेर जाते."

तेवढ्यात मुंगीचा मोबाईल वाजला. राणी चिडली असेल, निदान फुशारकी तरी मारेल, असं तिला वाटलं. तशी तिची इच्छाच होती. पण राणीने एवढंच विचारलं होतं, 'अगं बाई. बाळ ठीक आहे ना?'

मुंगी ते वाचतच राहिली. तक्ता तिने बघितला, आकडा बघितला, राणीचा पडलेला चेहरासुद्धा डोळ्यांपुढे आणला. बाळाकडे मात्र तिने एकदाही नीट बघितलं नव्हतं. त्यातही राणीच पुढे गेली होती. ही पोरगी निदान एकदा तरी वाईट वागली असती तर काय बिघडलं असतं?

आत्याने मोबाईलवर नजर टाकली, आणि सबंध दिवसात पहिल्यांदाच तिचा आवाज कडक झाला. इथल्या चिठ्ठीतलं अक्षरसुद्धा खिडकीबाहेर बोलायचं नाही, नाव नसलं तरी नाही. उद्या या स्टुलावर बसायची तयारी असेल तर हे आधी शिकायचं, औषधांची नावं नंतर. मग ती औषध द्यायला वळली. आईला बाटली नीट हलवून दाखवली, मापाच्या झाकणावरची खूण दाखवली आणि तिच्याकडून एकदा परत म्हणवून घेतलं.

मुंगीने लिहिलं, 'बाळ ठीक आहे. औषध बरोबरच होतं,' आणि थांबली. पुढचे दोन शब्द तिने लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. दाढ काढतानासुद्धा तिला इतका त्रास झाला नव्हता. 'चूक माझी. आणि मी तुला हे सांगायलाच नको होतं.' डोळे मिटून तिने ते पाठवून दिलं. आकाश काही कोसळलं नाही. पोटात दुखायचं तेवढं दुखतच होतं.

संध्याकाळी दोघी घरी परतल्या, तेव्हा इमारतीच्या फाटकाशी मुंगी म्हणाली, "आत्या, राणी डॉक्टर झाल्यावर मी तिला फोन केला आणि तीच बरोबर निघाली, तर?"

"तर बरं, धन्यवाद, म्हणून ठेवायचा."

"दर वेळी?"

"दर वेळी."

मुंगीने एक मोठा सुस्कारा सोडला. वरच्या खिडकीत दिवा होता आणि राणी कशाला तरी खळखळून हसत होती.

"बाबांना सांगते, उद्याच प्रवेश घेऊ," मुंगी म्हणाली. "आणि काकूंना तू काही सांगू नकोस. लहान मुलाचं वजन लिहिलेलं नसेल तर राणीच्या चिठ्ठीवरसुद्धा औषध मिळणार नाही, हे त्यांना मी स्वतः वर जाऊन सांगणार आहे."