अष्टमीचं उधाण

‘शंखधरबाबा म्हणतात, आज अष्टमी, संध्याकाळी मोठं उधाण येईल आणि होडी तरंगेल. पण आमच्या नवापूरला अष्टमीला भांग असते, म्हणजे पाणी वर चढतच नाही. माझे आजोबा खूप हसले. बाबा चुकले तर ते झेलूला सांगतील का? उत्तर पाठवा. उन्नती तांडेल, इयत्ता पाचवी.’

हे पोस्टकार्ड प्रफुल्ल चुरींना तोंडपाठ होतं. बारा वर्षं झाली, उत्तर काही गेलं नव्हतं. आताही ते कार्ड त्यांच्या मांडीवर होतं आणि समोर पत्नी, शैला, कमरेवर हात ठेवून उभी होती.

“पालघरच्या प्रकाशकांचा तिसरा फोन आला. पुनवेपर्यंत शेवटचं प्रकरण पोस्टात पडलं तर पुस्तक, नाहीतर विषय बंद. काय सांगू?”

“डोळे बरे नाहीत म्हणून सांग.”

“मासिकालाही हेच सांगितलं होतंत. आणि काल तांदळातला खडा चष्म्याशिवाय कोणी काढला?”

गप्प बसणं चुरींना चांगलं जमे. बोईसरच्या एका कारखान्यात तीस वर्षं ते स्टोअरकीपर होते. नट-बोल्ट, वॉशर, पट्टे; मागेल त्याला मागेल ते काढून द्यायचं आणि साहेब आला की जीभ टाळूला चिकटायची. जेवणाच्या सुट्टीत मात्र जुन्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर ते शंखधर लिहीत. पांढऱ्या दाढीचा, वारा हुंगून वादळ सांगणारा, कधी म्हणजे कधीच न चुकणारा म्हातारा, आणि त्याची शिष्या झेलू. जे जे चुरींपाशी नव्हतं, ते ते त्यांनी शंखधरला दिलं होतं. मुलांच्या मासिकात गोष्ट दरमहा येई.

मग हे कार्ड आलं. चूक सुधारायला एक ओळ पुरली असती. पण चुरींना वाटलं, आता सगळ्यांना कळणार, दाढीच्या आत कोण बसलाय ते! भरती-ओहोटीचंही ज्याला धड कळत नाही, असा एक स्टोअरकीपर. त्यांनी लिहिणंच थांबवलं. तेव्हापासून शंखधर आणि झेलू चिखलात रुतलेल्या होडीत बसून होते. बारा वर्षं.

“त्या पोरीला जाऊन भेटा,” शैला म्हणाली. “नाहीतर ते कार्ड तरी फाडा. मला रोज त्याच्यावरची धूळ पुसायला लावू नका.”

दुपारी ते नवापूरला रिक्षातून उतरले तेव्हा किनाऱ्यावर बोटीच बोटी. माणसं सावलीत जाळी विणत बसलेली. तांडेलांचं घर चुरींनी इतक्या हळू विचारलं की पुन्हा विचारावं लागलं. एका म्हाताऱ्याने हातातली सुई न थांबवता वर पाहिलं.

“मीच रामू तांडेल. कोन तुमी?”

चुरींनी कार्ड पुढे केलं. म्हाताऱ्याला वाचता येत नसावं; त्याने घराकडे तोंड करून हाक मारली. बोईसरला प्रयोगशाळेत काम करणारी उन्नती सुट्टीमुळे घरी होती. तिने कार्ड पाहिलं, उलटून आपलंच अक्षर पुन्हा पाहिलं.

“आजा, शंखधरबाबा आलेत.”

“हे?” रामूने चुरींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “दाढी कुठं हाय?”

शेजारचे हसले. चुरीही हसले, मग घाईघाईने म्हणाले, “मी माफी मागायला आलो. चूक माझी होती. मला समुद्रातलं काही कळत नाही.”

“अष्टमीला उधान आलं असतं, तर आमी आज हितं जाळी विनत बसलो असतो काय?” रामू म्हणाला. “आज अष्टमीच हाय. बसा, दाखवतो.”

चहा झाला. संध्याकाळी पाणी पुढे सरकलं, रेंगाळलं आणि वाळूवर ओढून ठेवलेल्या एका मोठ्या होडीच्या बरंच अलीकडे थांबलं. अगदी आळशासारखं.

“हिला आता पुनवेपर्यंत कोन हलवत नाय,” रामू म्हणाला. “तवर आमी फटी बुजवतो, तेल लावतो. पुनवेला पानी आपल्या पायानं येतं.”

“तुम्ही कधी चुकलात का?” चुरींनी हळूच विचारलं.

रामूची सुई थांबली. “एकदा पान्याखालच्या खडपाची खूण चुकलो. आख्खं जाळं फाटलं, बोट अडकली. बोटीवर सात गडी, मी त्यांचा म्होरका, तांडेल. तांडेल चुकला असं कोन बोलनार? मीच बोललो. म्हनलं, मी चुकलो, आता तुमी सांगा बोट कुठून काढायची.”

“मग?”

“मंग काय? सात जनांनी सात वाटा सांगितल्या. पयले भांडले, मंग काढली.” तो पुन्हा विणू लागला. “न बोलता बसलो असतो, तर तितंच असतो अजून.”

चुरींना चिखलातली होडी दिसली.

“उन्नती, तुझ्या प्रश्नाचं उत्तर…” त्यांनी सुरुवात केली.

“तोंडी नको, काका.” तिने कार्ड त्यांच्या हातात परत ठेवलं. “वर्षभर पोस्टमनच्या मागे धावलेय मी. पोस्टानेच पाठवा.”

सात दिवस चुरी टेबलावरून उठले नाहीत. किती पानं फाडली याची गणतीच नव्हती. हे कोण वाचणार, तुझी लायकी काय, हा जुना आवाज रोज सकाळी चहाबरोबर येई. पाचव्या दिवशी त्यांनी त्यालाही गोष्टीत घेतलं. तो शंखधरच्या कानाशी बोलू लागला, आणि मग म्हातारा एकदम खरा झाला. पाणी होडीच्या अलीकडे थांबलं. दाढीतून घाम उतरला. आणि शंखधर म्हणाला, “झेलू, मी चुकलो. मला भीती वाटते आहे. आता तू सांग.”

झेलूने सांगितलं, पुनवेपर्यंत थांबू. दोघांनी सात दिवस फटी बुजवल्या.

शैलाने प्रकरण उभ्याउभ्याच वाचलं. मग बसून पुन्हा वाचलं. “आता हा म्हातारा ओळखीचा वाटतो,” एवढंच म्हणाली आणि पदराने चष्मा पुसू लागली.

पुनवेला सकाळी चुरींनी प्रकाशकांना स्वतः फोन केला. “प्रकरण आज पोस्टात टाकतोय,” ते म्हणाले, आणि आपला आवाज एवढा मोठा आहे हे त्यांना प्रथमच कळलं.

बोईसरच्या पोस्टात त्यांनी दोन पाकिटं नेली. प्रकाशकांचं खिडकीत दिलं. दुसऱ्यात प्रकरणाची नक्कल होती आणि वर चार शब्द: ‘हो, उन्नती. बाबा सांगतात.’

पत्ता ते एरवी तीनदा तपासत. आज एकदाही पाहिला नाही. पाकीट लाल पेटीत आत जाऊन पडलं, त्याचा बारीकसा आवाज झाला. घड्याळात साडेबारा वाजले होते. नवापूरला या वेळी पाणी होडीखाली शिरत असणार.