मागच्या सीटची ऊब

आमचे हे, म्हणजे चंपतराव. बाजारहत्नूरच्या आजूबाजूले ज्याची पाण्याची मोटर बिघडली, तो माणूस सरळ आमच्या ओसरीवर येऊन बसे. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण हात मोठा हुशार. अन् माणूस तेवढाच हट्टी. एकदा मनानं घेतलं का संपलं. मंग ब्रह्मदेव खाली आला तरी ऐकायचे नाहीत. माह्यासारख्या बायकोचं तर सोडाच.

तवा आमचा जिल्हा आंध्रात होता. आमची मालन पहिल्या बाळंतपणाले माहेरी आली होती. आदिलाबादच्या डाक्टरीणबाईनं तिच्या पोटावर हात ठेवला अन् सांगतलं, लेकरू आडवं आहे. कळा सुरू झाल्या का लगेच इथं आणा. उशीर केला तर दोघंही हातचे जातील. आता आमच्या गावाले बस एकच, सकाळची. ती गेली का दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही. हे घरी आले, जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी बेल्लमपल्लीले गेले अन् कोणाची तरी जुनी अ‍ॅम्बेसेडर घेऊन आले.

"लेकीच्या कळा का बसची वाट पाहतीन?" एवढंच बोलले.

गाडीची मागची सीट फाटलेली होती, स्प्रिंगा वर आलेल्या. यायनं आपल्याच वावरातला कापूस काढला, सरकी वेगळी करून आणली, पिंजारी बोलावला अन् गादीवानी सीट भरून घेतली. पिंजाऱ्यानं ती खालपासून शिवून पक्की बसवून टाकली. "राणीवानी निजत जाईन माही मालन," हे म्हणाले. मी हात ठेवून पाह्यला तर खरंच लोण्यावानी मऊ. माहे डोळे भरून आले, खोटं काऊन सांगू.

पण गाडी सकाळी उठेच ना. संध्याकाळी भरलेली बॅटरी सकाळी मेलेली. यायनं अंगणात पोतं हातरलं, बॅटरीची एक क्लिप काढली अन् क्लिप अन् बॅटरीच्या मधात एक बल्ब जोडला. सारे दिवे बंद, चावी यायच्या खिशात, तरी बल्ब मिणमिण जळून राह्यला.

"पाह्य," हे म्हणाले. "सारं घर झोपलं अन् कोणीतरी चोरून खाऊन राह्यलं."

मंग एकेक फ्यूज काढत गेले. मागच्या दिव्यांचा फ्यूज काढला अन् बल्ब विझला. चोर सापडला. मागच्या सीटखालून डिकीकडं जाणारी तार कुठंतरी पत्र्याले टेकत होती. इथपर्यंत मी यायले मानते. पण ती नेमकी कुठं टेकते, हे काही पाह्यलं नाही. रात्री बॅटरीची क्लिप काढून ठेवायची, असा उपाय काढला. गाडी रोज सकाळी सुरू होऊ लागली अन् हे मिशीले पीळ देत फिरू लागले.

तरी फ्यूज उडतच राह्यला. हे एकटे चालवत तवा काही नाही. मी मागं बसली का फट्.

"तुह्या वजनानं उडून राह्यला," हे म्हणाले. मालन पोट धरून हासली.

"हासा," मी म्हटलं. "पण मी बसते तवाच काऊन उडते? सीटखालची तार पाहा ना."

"सीट उसवायची म्हणजे पिंजाऱ्याची मेहनत पाण्यात. मालनचं बाळंतपण होऊ दे, मंग पाहू."

अन् मंग यायनं तेच केलं जे आमच्याकडं सारे करतात. आमच्याकडं व्होल्टेज पडते, वावरातल्या मोटरीचा फ्यूज घडीघडी उडते. दर वेळी कोण वावरात धावते? म्हणून सारे त्यात जाड तार बांधतात. मोटर जळली तर जळली, पाणी तर थांबत नाही. यायनं मोटरीच्या डब्यातून तांब्याची जाड तार काढली, तीन पदरी पिळली अन् गाडीच्या फ्यूजच्या जागी कसून बसवली. मले मागं बसवलं, चक्कर मारून आणली. फ्यूज उडाला नाही.

"झालं," हे म्हणाले.

"काही झालं नाही. तो फ्यूज काही सांगून राह्यला होता, तुमी त्याचं तोंड बांधलं."

"तू जिनमधली. तुले तारेतलं काय समजते?"

हो, मी जिनमधली. लग्नाआधी आदिलाबादच्या एका जिनिंगमधे कापसाच्या गंजीवर काम केलं. तारेतलं नाही समजत, पण कापसातलं समजते. कापसाची आग ओरडत नाही. धूर नाही, जाळ नाही. गंजीच्या पोटात ती दोन-दोन दिवस बसून राहते अन् वारा लागला का उठते. म्हणून आमी बाया रोज गंजीत खांद्यापर्यंत हात खुपसून पाहत असू. आत ऊब लागली का साऱ्याईले बाहेर काढायचं. तिथं कोणी वाद घालत नसे.

एक दिवस हे बाजारातून मागच्या सीटवर सरकीच्या ढेपीची पोती घेऊन आले. पोती उतरवली तर मले करपट वास आला. सीटवर हात दाबला, वरून थंडच होती. आत हात जायले जागा नव्हती, पिंजाऱ्यानं अशी शिवलेली. "हे उसवा," मी म्हटलं. यायनं बिडी दाखवली. "हा वास याचा आहे." दुसऱ्या दिवशी आमची मांजर खिडकीतून आत शिरून त्याच सीटवर निजली, उन्हातली जागा सोडून. मी पुन्हा बोलली. हे पुन्हा हासले.

मार्गशीर्षात भरदुपारी मालनले कळा सुरू झाल्या. बस कवाची गेली होती. गाडी मात्र पहिल्याच झटक्याले सुरू झाली अन् यायनं माह्याकडं असं पाह्यलं, का पाह्य, कामाले आली का नाही. मी मागं बसली, मालनचं डोकं मांडीवर घेतलं. पोरगी दात खाऊन कळा सोसत होती. "माय, लेकरू राहीन ना?" तिनं इचारलं. मी म्हटलं, "राहीन व बाई. राहीन."

इचोड्याच्या रस्त्यावर जंगलाचा उतार लागला, तिथं मले मांडीखाली ऊब लागली. मले वाटलं, मालनचं पाणी गेलं. मी तिच्या खाली हात घातला.

हात कोरडा होता.

"गाडी थांबवा," मी म्हटलं.

"आता नाही थांबत. इचोडा आलाच."

"सीट पेटली आहे. थांबवा."

"मथुरे, डोकं फिरलं का तुहं? कुठं आहे धूर?"

मी मागून यायची कॉलर धरून ओढली, तवा गाडी थांबली. आमी दोघांनी मालनले खांद्याले धरून बाहेर काढलं. दार उघडं राह्यलं, अन् वारा आत गेला. सीट मधातून काळी पडली, त्या काळ्याच्या कडेनं लाल रेघ धावत सुटली, अन् मंग जाळ छताले टेकला. हे नुसत्या हातानं सीट उपटायले धावले. मी ओरडून मागं बोलावलं तवा तळहाताची कातडी सोलून आले.

आता तुमीच सांगा, कापसाच्या मोसमात त्या रस्त्यावर काय चालते? कापूस. आदिलाबादच्या मार्केटले जाणारा कापूस, टपापर्यंत भरलेला. एक ट्रक आला, जळती गाडी पाह्यली अन् हॉर्न मारत सुसाट निघून गेला. दुसराही तसाच गेला. आगीजवळ कापसाची गाडी कोण उभी करते? मी त्यायच्या जागी असती तर मीही केली नसती.

मंग मालनले चालवलं. कळा आली का ती रस्त्यात बसे, गेली का उठे. वळणाच्या पलीकडं, जिथून जाळ दिसत नाही, तिथपर्यंत नेली. हे सोललेले हात पुढं धरून मागून येत होते. तिथं एक ट्रक थांबला. डायव्हरनं आमच्या डोक्यावरून धुराकडं पाह्यलं. "उधर आग है क्या, अम्मा?"

"नहीं भैया," मी म्हटलं. "वावर में कचरा जला रहे."

त्यानं आमाले वर कापसावर चढवलं. मालन कापसात रुतून निजली. यायच्या धोतराले, माह्या लुगड्याले जळका वास मारत होता. एखादी ठिणगी आमच्यासंगं आली असन, या भ्यावानं मी खांद्यापर्यंत हात कापसात खुपसला अन् साऱ्या रस्त्यानं जागा बदलून-बदलून पाहत राह्यली. थंड. थंड. इचोडा गेला, मोठा रस्ता लागला. मालननं बोलणं सोडलं होतं. गुडीहत्नूरच्या पुढं तिच्या कमरेखाली माह्या हाताले ऊब लागली. हात बाहेर काढला.

या वेळी ओला होता. कोपरापर्यंत लाल.

डाक्टरीणबाईनं मालनले वाचवलं. लेकरू मुलगा होता, चांगला भरलेला, डोक्यावर जावळ. रडला नाही. बाईनं सांगतलं, थोडं आधी आणायले पाहिजे होतं.

हे दवाखान्याच्या फरशीवर भिंतीले टेकून बसले होते, दोन्ही हाताले पट्ट्या. मी जवळ जाऊन बसली. बोलायचं खूप होतं, सारं जिभेवर आलेलं. यायनं मान वर केली अन् लहान लेकरावानी माह्या तोंडाकडं पाह्यलं.

"काऊन झालं असं, मथुरे?" हे म्हणाले. "फ्यूज तर एकदाबी उडाला नाही."