फरहाननं लावलेला कडुलिंब

सबाचे पहिले दोन विषय शिवलीला मॅडमनी जागच्या जागी उडवले होते. तलावाचा काठ म्हटल्यावर मॅडम म्हणाल्या, दरवर्षी पाच जण तलाव घेऊन येतात आणि पाचही जण त्याच्याभोवती तोच जॉगिंग ट्रॅक काढतात. बंद गिरणीची जागा म्हटल्यावर म्हणाल्या, ती गेल्याच वर्षी झाली. लँडस्केप प्लॅनिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीला थीसिसचा विषय सापडेपर्यंत घरातल्यांचं काय होतं, ते ज्याच्या घरात अशी मुलगी आहे त्यालाच कळेल. त्यामुळे गुरुवारी सबा कॉलेजातून नाचतच आली आणि "मॅडम हो म्हणाल्या!" असं ओरडली, तेव्हा सगळ्यात मोठा सुटकेचा श्वास तिच्या भावानं टाकला.

"कुठली जागा?" फरहाननं दालच्यात भाकरी बुडवत विचारलं. सकाळपासून टेम्पोतून टॉवेलचे गठ्ठे वाहून तो आत्ता कुठं जेवायला बसला होता.

"आपलं कबरस्तान."

घास त्याच्या हातातच राहिला. सबाचं मात्र लक्षच नव्हतं. एवढी जुनी झाडं शहरात दुसरीकडे एका जागी उरलेली नाहीत, बाहेर रस्ता भाजत असतो तेव्हाही आत गारवा असतो, आणि या जागेचा विचार कुणी केलेलाच नाही, असं ती धाडधाड सांगत सुटली. रविवारी आत जाऊन एकेक झाड मोजायचं होतं. बुंधा केवढा, वय किती, सावली कुठवर. सोमवारी मॅडमच्या टेबलावर नकाशा ठेवला की विषय पक्का. नाही ठेवला तर हाही गेला, आणि मग मॅडम देतील तो विषय मुकाट्यानं घ्यायचा.

"पण बायकांना आत सोडतात कुठं?" फरहान म्हणाला. त्यांच्या घरात बायका कबरस्तानात जात नसत.

"कबरस्तान कमिटीच्या अध्यक्षांना विचारून आले मी. सकाळच्या वेळी, घरच्या माणसाबरोबर या म्हणाले. तू आहेसच की."

चुलीपाशी बसलेली त्यांची आई, बिबीजान, भाकरी थापत ऐकत होती. ती म्हणाली, "मग मी बी येते. तुज्या अब्बांची कबर बगते. फरहाननं लावलेला लिंब केवढा झालाय, ते बी बगते."

फरहानच्या तोंडचं पाणी पळालं, कारण तो लिंब नव्हताच.

लिंब नव्हता आणि कबर कुठं आहे ते फरहानला माहीत नव्हतं. चार वर्षांपूर्वी, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, अब्बांना दवाखान्यातून थेट कबरस्तानात नेलं. घरातल्या एकानं पांढरा सूट घालून आत यावं, असं गेटवरच्या स्वयंसेवकांनी सांगितलं. फरहान तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्यानं सूट हातात घेतला, पण घातलाच नाही. शेवटी अब्बांना परक्या पोरांनी पुरलं, आणि घरी येऊन त्यानं आईला सांगितलं, "मी माती दिली, अम्मी. माझ्या हातानं."

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण आई दरवर्षी शब-ए-बरातला त्याला फुलं देऊन कबरीवर धाडायची आणि आल्यावर विचारायची, कबर कशी आहे, सावली आहे का. पहिल्याच वर्षी त्यानं सांगून टाकलं की आपण उशाला लिंब लावलाय. मग तो लिंब त्याला वाढवावाही लागला. आधी ढोपराएवढा, मग कमरेएवढा, आणि यंदा तर त्यानं तो डोक्याच्याही वर नेला होता. फुलं मात्र तो गेटाच्या आत दिसेल त्या पहिल्या कबरीवर ठेवून माघारी फिरायचा.

शुक्रवारी त्यानं टेम्पो सरळ सबाच्या कॉलेजात नेला.

"मॅडम, आमच्यात बायका तिथं जात नाहीत," तो शिवलीला मॅडमना म्हणाला. "तुम्ही तिला दुसरा विषय द्या. घरात अडचण होईल."

"कुणाची हरकत आहे?"

"आईची," फरहान म्हणाला आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

मॅडमनी लगेच फोन उचलला. "नंबर द्या. मी बोलते त्यांच्याशी."

"नको, नको! तिला फोनवर नीट ऐकू येत नाही."

मॅडमनी फोन खाली ठेवला आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "विषय सबाचा आहे. तिला नको असेल तर तिनं येऊन सांगावं. सोमवारपर्यंत मी थांबते."

संध्याकाळी सबानं त्याला दारातच गाठलं. ती चांगलीच भडकली होती. आईला ऐकू जाऊ नये म्हणून ती हळू बोलत होती, एवढंच.

"अम्मीचं नाव सांगून माझा विषय पाडायला गेलास? भाई, तुला नक्की काय अडचण आहे?"

"ऊन लई असतंय तिथं."

"मी झाडांचा नकाशा करतेय भाई, आणि तू मला ऊन सांगतोस?"

सांगून टाकायला हीच वेळ बरी होती. बहीण चिडली असती, रडली असती, पण निभावलं असतं. फरहाननं तोंड उघडलं, आणि आतून आई म्हणाली की रविवारसाठी तिनं गुलाबाची फुलं सांगून ठेवली आहेत. त्यानं तोंड मिटलं.

शनिवारी तो एकटाच कबरस्तानात गेला आणि तिथं राखण करणाऱ्या मौलाचाचांना त्यानं विचारलं, त्या लाटेतली माणसं कुठं आहेत.

"पल्याडच्या भिंतीकडं, बेटा. सगळी तितंच." चाचांनी हात केला. "कोण कुटं ते नको विचारूस. एका दिवसात किती यायचे. आमी खड्डे काढणार, का नावं लिवणार?"

"तिथं लिंब आहे का एखादा?"

"लिंब? हाय की एक. का रं?"

फरहान तिकडे गेला. भिंतीजवळ खरंच एक कडुलिंब होता आणि त्याच्या बुडाशी मातीचा खचलेला उंचवटा होता. त्यानं तिथलं गवत उपटलं, भोवतीनं दगड मांडले, माती थापून सारखी केली. बघता बघता कबर अशी झाली की कुणालाही वाटावं, पोरगा दर महिन्याला येतो.

रविवारी सकाळी तिघं आत शिरली. सबाच्या हातात टेप, आईच्या एका हातात फुलं आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. इतकी वर्षं बाहेरच्या बाहेर परतलेली बाई पाय अगदी जपून टाकत होती. सबानं वाटेतली दोन झाडं मोजून घेतली, पण आईला दम नव्हता.

"आधी तितं चल," ती म्हणाली.

फरहाननं त्यांना भिंतीकडे नेलं आणि बोट दाखवलं. आईनं चपला काढल्या, खाली बसली आणि मातीवर तळवा टेकवला.

सबा लिंबापाशी गेली. टेप तिनं बुंध्याभोवती फिरवला, आकडा पाहिला, पुन्हा फिरवला.

"भाई, हे तू लावलंस? चार वर्षांपूर्वी?"

"हौ."

"एवढंसं रोप होतं तेव्हा?"

"हौ म्हटलं की."

सबा झाडाकडे बघत राहिली. पंधरा वर्षांच्या आतला तो लिंब नव्हता, आणि एवढं तरी तिला कॉलेजात शिकवलं होतं. तिनं भावाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती काही बोलणार, तेवढ्यात आईच बोलायला लागली. ती त्या मातीशी बोलत होती.

"आले बगा मी. सबा बी आलीय, तुमची सावली मोजायला." आई हसली. "त्या दिवसांत लोकांनी आपली माणसं परक्यांच्या हाती दिली हो. तुमाला मातर पोरानं सोडलं न्हाय. त्यानं हातानं माती दिली, तेवढ्यावर मला रोज झोप लागतीय."

"अम्मी, ऊठ." फरहानचा आवाज फाटला. "ऊठ तिथनं. ही अब्बांची न्हाय."

आईनं मान वर केली.

"अब्बा कुठं आहेत मला माहीत न्हाय. मी आत आलोच नव्हतो, अम्मी. मला भीती वाटली. कुणीतरी दुसऱ्यांनी पुरलं त्यांना. ही कबर मी काल सजवली. लिंब बी माझा न्हाय."

"चार वर्षं!" सबा ओरडली. "चार वर्षं ती तुझ्या लिंबाची चौकशी करतेय! मला नको हा विषय. मी उद्या मॅडमना सांगते, द्या तुम्हाला पाहिजे तो." टेप तिनं जमिनीवर आपटला.

आईनं तळवा अजून उचलला नव्हता. ती म्हणाली, "त्या दिवशी तू कुटं हुतास मग?"

"गेटाबाहेर. टेम्पोत."

"सगळं हुईपरेंत?"

"हौ."

"संगं कोन हुतं?"

"कुणी न्हाय."

"एकटाच बसला हुतास," आई म्हणाली. "आणि घरी येऊन मला धीर देत हुतास."

फरहान मटकन खाली बसला आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागला. आईनं त्याला जवळ घेतलं नाही. माफ केलं असंही ती म्हणाली नाही. ती उठली, आपटलेला टेप तिनं उचलला आणि सबाच्या हातात दिला.

"विषय सोडायचा न्हाय. ह्यातला एक आपला हाय. ह्या भिंतीकडचं सगळं नकाशावर काड, एक बी गाळू नको."

सबानं टेपाचं एक टोक ओढलं आणि भावाकडे न बघता पुढं केलं. फरहान उठला आणि त्यानं ते धरलं.

आईनं अनोळखी माणसाच्या त्या कबरीवर फुलं ठेवली, पाणी घातलं. मग पुढच्या उंचवट्याला घातलं, त्याच्या पुढच्याला घातलं. तिथं तांब्या रिकामा झाला. तिनं भिंतीच्या टोकापर्यंत एकदा पाहिलं.

"फरहान," ती म्हणाली. "अजून लई हायेत. जा, पानी आन."