पहाऱ्यावरची वीणा

खरवईच्या सप्ताहात वीणा एकदा उभी राहिली की सात दिवस खाली टेकत नाही. कुणा ना कुणाच्या गळ्यात ती असतेच. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, हार या गळ्यातून त्या गळ्यात जातो आणि नाम चालू राहतं. दुपारी पंगती उठलेल्या असतात, एखादं कुत्रं सतरंजीवर येऊन आडवं झालेलं असतं, ऐकायला चिटपाखरू नसतं. तरी वीणेकरी उभा असतो. त्या एकट्या माणसाकडे पाहिलं की वाटतं, सगळ्या गावासाठी श्वास हाच घेतोय.

बबनला हे फार आवडायचं. सप्ताहाचा साऊंड त्याच्याकडे होता. अंबरनाथच्या कारखान्यात तो वायरमन होता, आणि रिटायर झाल्यावर हाताला काम हवं म्हणून त्यानं दोन कर्णे आणि एक मशीन घेतलं होतं. राहायला खरवईच्याच टोकाला, सिद्धार्थनगरात. घरात रोज बुद्धवंदना, आणि सप्ताहाचे सात दिवस कीर्तन. वस्तीतली पोरं चिडवायची, "बबनतात्या, तिकडं काय ठेवलंय तुमचं?"

"गळा," तो म्हणायचा. "बुवा गाणारा असला ना, की मला दुसरं काय दिसत नाय."

बुवांच्या उपरण्याला माईक तोच लावायचा. बुवा मान तिरकी करून उभे राहायचे आणि बबन चिमटा बसवायचा, गाठीपासून चार बोटं खाली, म्हणजे टाळांचा कडकडाट आत शिरत नाही. मग पडद्यामागे मशीनपाशी जाऊन बसायचा. बुवांनी निरूपणातून चाल धरली, टाळकरी उठून उभे राहिले, की बबनचे डोळे मिटायचे आणि बोट तेवढं खटक्यावर जागं असायचं.

त्याची जेवणाची पत्रावळ मशीनपाशीच यायची. "तू कशाला उठतोस बबन, साऊंड सोडून," असं म्हणून कुणीतरी प्रेमानं आणून द्यायचं. पहिल्या वर्षी त्याला बरं वाटलं. तिसऱ्या वर्षापासून त्याची मुलगी यशोधरा घरून डबा आणायला लागली. त्यावर दोघं कधी बोलले नाहीत.

त्या शुक्रवारी ती डबा घेऊन आली. उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात ती शिलाईला होती आणि शुक्रवार सुट्टीचा. मंडपात हिंदुराव एकटाच, गळ्यात वीणा, कपाळी बुक्का, संथ लयीत नाम घेत उभा. त्यानं तिला मानेनंच 'ये' म्हटलं. हिंदुराव म्हणजे बबनचा कारखान्यातला जोडीदार. आख्खी नोकरी दोघांनी एका शिफ्टला काढली. रिटायर झाल्यावर आणि शेतजमिनीवर बिल्डिंगा उठल्यावर हिंदुरावाला करायला काही उरलं नाही, तेव्हा देवस्थानाच्या मंडळानं घेतलेली रुग्णवाहिका तो सेवा म्हणून चालवायला लागला. गाडी मंडपाच्या शेजारीच उभी असायची. तिच्यावर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं: 'सर्व जातीधर्मांच्या रुग्णांसाठी'. चालवणारा तो एकटाच, किल्ली त्याच्याच खिशात.

पडद्यामागे बबन मशीनला टेकून बसला होता. सदरा भिजून पाठीला चिकटलेला.

"बाबा, पंखा का नाय लावला?"

"ॲसिडिटी झालीय गं. जबड्यापर्यंत चढलीय." त्यानं डावा दंड दाबून धरला होता. डब्याचं झाकण उघडताच वास सहन न होऊन त्यानं तोंड फिरवलं आणि तिथंच ओकला. चेहरा राखेसारखा झाला.

यशोधरा पडदा सारून धावली. "काका, गाडी काढा. बाबांच्या छातीत दुखतंय."

हिंदुरावाचं नाम थांबलं. बोटं मात्र तारेवर चालूच राहिली. त्यानं पडद्याआड डोकावून पाहिलं. "अरे देवा. बबन. अरे, काय झालं तुला?"

"चला ना काका."

"चलतो. चलतोच. थांब, महिपतीला फोन लाव. माझ्या वरच्या खिशातून काढ फोन... नको, राहू दे, मीच काढतो." एका हातानं त्यानं फोन काढला. पुढचा पहारा महिपतीचा होता. महिपती बदलापूर स्टेशनपाशी फुलं घ्यायला गेला होता. "लवकर ये, तसाच ये," हिंदुराव फोनवर म्हणाला, आणि लगेच, "आंघोळ झालीय ना तुझी?"

यशोधरानं एकशे आठला फोन केला. गाडी उल्हासनगरच्या बाजूला आहे, निघतेय, असं उत्तर आलं. ती नाक्यापर्यंत पळाली. रिक्षावाला म्हणाला, मंडपानं रस्ता अडवलाय, आत येत नाही, पेशंटला इथपर्यंत आणा. बबन चार पावलं चालू शकत नव्हता. ती परत पळत आली.

"काका, गळ्यात घालूनच चला. गाडी चालवा तशीच."

"मंडप सोडता येत नाय गं वीणेला." हिंदुराव कळवळून बोलत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हे यशोधरानंही पाहिलं. "सहा दिवस झाले उभीय. आज खाली टेकली तर आख्ख्या गावाचं..."

"मग खाली नका टेकवू. माझ्याकडे द्या."

तिनं दोन्ही हात पुढे केले.

मंडपात तारेचा तेवढा आवाज. हिंदुरावानं तिच्या हातांकडे पाहिलं, मग दुसरीकडे.

"आंघोळ केलीय मी," ती म्हणाली. "सकाळीच."

"तसं नाय. माळ लागते गळ्यात. माळकऱ्यानंच घ्यायची असते, नियम आहे. मी केला का नियम?"

"विठाकाकूंच्या गळ्यात कुठं माळ आहे? परवा तुम्ही लघवीला गेलात तेव्हा त्यांच्याकडे दिली होतीत. मी इथंच होते, बाबांना डबा देत होते."

विठा म्हणजे हिंदुरावाची बायको. मासे सुटत नाहीत म्हणून तिनं माळ घातली नव्हती, आणि हे ती हसत हसत सगळ्यांना सांगायची.

हिंदुराव वीणा छातीशी धरून उभा राहिला. माणूस वाईट नव्हता. बबनच्या बायकोच्या आजारपणात रात्र रात्र बाकावर बसलेला होता. आता हात पुढे करून फक्त एक लाकडी दांडा आणि एक भोपळा तिच्या हातांत ठेवायचा होता, आणि तेवढे हात त्याचे लांब होईनात.

पडद्यामागून बबन बोलला. आवाज अगदी खोल गेला होता. "यशू, असू दे. महिपती येतोय ना. वीणा नको मोडायला."

तिला बापाचा राग आला. त्या दिवशी सगळ्यांत जास्त राग तिला त्याचाच आला.

महिपती आला तेव्हा एकशे आठचा पत्ता नव्हता आणि बबन सतरंजीवर कुशीला पडलेला होता. महिपतीनं फुलांची पिशवी खांबाला अडकवली, पाय धुतले, बुक्का लावला. हिंदुराव त्याच्या पाया पडला. महिपती हिंदुरावाच्या पाया पडला. हार या गळ्यातून त्या गळ्यात गेला. घाईत तो उपरण्यात अडकला, तर दोघांनी तो नीट सोडवला, तोडला नाही. मग वीणा गेली. यशोधरा बापाचं डोकं मांडीवर घेऊन हे सगळं बघत होती.

पुढं मात्र हिंदुरावानं कमाल केली. बबनला एकट्यानं उचलून गाडीत घातलं, भोंगा लावला, उलट्या बाजूनं गाडी घातली, रेल्वे फाटकाजवळ उतरून लोकांना शिव्या देत रस्ता काढला. वीणेला ज्या रक्ताचा हात लागू द्यायचा नव्हता, त्याच रक्ताच्या माणसाची ओकारी त्याच्या धोतरावर होती आणि त्याचं त्याला काही नव्हतं. सारखा मागं वळून म्हणत होता, "बबन, झोपू नको. माझ्याशी बोल. अरे, बोल की."

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरनं ईसीजीची पट्टी पाहिली. "उशीर केलात. इतका वेळ काय करत होता?"

यशोधरा तोंड उघडणार, तेवढ्यात हिंदुराव म्हणाला, "गाडी मिळेना, डॉक्टर."

किल्ली त्याच्या मुठीत होती.

डॉक्टरनं पत्ता विचारला. सिद्धार्थनगर ऐकल्यावर त्यानं मान हलवली. रागावूनही नाही, सवयीनं. "तिकडचे पेशंट असेच येतात. दुखणं अंगावर काढायचं आणि अगदी शेवटाला आणायचं. जरा शिका रे तुम्ही लोक."

"आम्ही गाडीपासून दहा हातांवर होतो," यशोधरा म्हणाली. पण डॉक्टर तोवर पुढच्या खाटेकडे वळला होता.

बबन वाचला. हृदयाचा बराचसा भाग मेला, असं मोठ्या डॉक्टरांनी समजावलं. मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. घरी आल्यावर तो बाथरूमपर्यंत जायचा आणि दाराची चौकट धरून थांबायचा. मशीन आणि कर्णे कोपऱ्यात जुन्या चादरीखाली गेले. आडवं झोपलं की दम लागायचा, म्हणून बसूनच झोपायचा, पाठीला तीन उशा.

सप्ताहाचा काला झाला तसा हिंदुराव प्रसाद घेऊन आला होता, पुढंही येत राहिला. नारळपाणी आणायचा, कारखान्यातल्या गमती काढायचा. त्या दुपारचं नाव तो घेत नसे, आणि बबनही नाही. यशोधरा चहा ठेवायची. तो सगळा प्यायचा, बशीतला सांडलेलासुद्धा. चहाला त्याची कधीच हरकत नव्हती.

वर्ष फिरलं. सप्ताहाला आठवडा असताना तो खुशीत आला.

"बबन, ऐक. मंडळाच्या मीटिंगला मी तुझा विषय काढला. म्हटलं, असं परत होता कामा नये. माझ्या दोस्ताचा जीव जात होता."

बबन उशांवर सावरून बसला. यशोधरा दाराशी थांबली.

"दोन ड्रायव्हर केलेत. एक पहाऱ्यावर असला की दुसरा मोकळा. आणि समज, दोघंही अडकले, तर?" तो बाळबोध आनंदानं दोघांकडे बघायला लागला. "देवस्थानाच्या महाराजांना विचारलं. ते म्हणाले, जिवावरचा प्रसंग असला तर चालेल. म्हणून खांबाला पितळेची खुंटी बसवलीय. चांगली जाड. वीणा अडकवायची आणि पळायचं. जमिनीला लागत नाय, खंड पडत नाय. सगळ्यांनी वाखाणलं."

बबन हसायला लागला. हसता हसता दम लागला, यशोधरा पाठ चोळायला पुढं आली, तरी हसू थांबेना.

"काय रे? हसतोस काय?"

"खुंटीच्या गळ्यात माळ आहे का रे, हिंदुराव?"

हिंदुरावाचा चहाचा कप तोंडाशीच राहिला.

"आंघोळ घातली होती का तिला?"

"बबन, अरे मी तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठीच," बबन म्हणाला. हसू संपलं होतं. "पितळ चालतं तुझ्या देवाला. माझी पोरगी हात पसरून उभी होती. मी तिला गप्प बसवलं, तुझी वीणा मोडू नये म्हणून. माझं काळीज मेलं ना, त्यातलं अर्धं तिथंच मेलं. बाकीचं नंतर."

हिंदुराव कप खाली ठेवून उठला. दारात चपला घालताना त्याला त्या सापडेनात, समोरच होत्या. यशोधरानं पायानं पुढं सरकवल्या. एरवी तिनं हातानं दिल्या असत्या.

सप्ताह बसला. साऊंडला बदलापूर गावातली पोरं होती. रात्री कर्ण्यातून कीर्तन घरापर्यंत यायला लागलं. बुवा गोड गात होते. देव भक्ताच्या घरी जातो, त्याचं दळण दळतो, त्याला पाणी भरतो, देव कुणाची जात विचारत नाही, असं ते सांगत होते, आणि इतकं मनापासून सांगत होते की ऐकणाऱ्याला खरं वाटावं. टाळ सुरू झाले तसा शब्द बुडायला लागला.

"माईक वर लावलाय," बबन डोळे मिटून म्हणाला. "चार बोटं खाली घ्यायला पाहिजे. टाळ आत जातायत."

यशोधरानं वाट पाहिली, तो खिडकी लाव म्हणेल म्हणून. तो म्हणाला नाही. चाल वर चढली, आणि उशांना टेकलेल्या त्याच्या हाताचं एक बोट चादरीवर खटका दाबल्यासारखं हललं. मग श्वास अपुरा पडला आणि बोट थांबलं.

तेव्हा तिनंच उठून खिडकी लावली.